शोर लोकांची खानेसुमारी

सैबेरिया म्हटलें कीं बर्फ, निबिड अरण्य आणि हद्दपारीचे कैदी एवढेंच चित्र सामान्यतः डोळ्यांपुढें उभें राहतें. परंतु त्या विस्तीर्ण प्रदेशाच्या दक्षिणेस, अल्ताई पर्वताच्या उत्तरेकडील डोंगरांत, तोम नदी व तिला मिळणाऱ्या कोंदोमा आणि म्रास्सू या नद्यांच्या खोऱ्यांत, तुर्की कुळांतील भाषा बोलणारा एक लहानसा समाज शतकानुशतकें नांदत आला आहे. या लोकांना शोर म्हणतात. २०२१ सालीं रशियांत झालेल्या खानेसुमारींत त्यांची संख्या साडेदहा हजारांच्या आसपास भरली. आपल्याकडील एखाद्या मोठ्या बाजारगांवांत यापेक्षां अधिक माणसें सांपडतील. तरीपण या समाजाचे गेल्या शंभर वर्षांचे आंकडे ओळीनें मांडले म्हणजे, शिरगणतीला काय दिसतें आणि काय दिसत नाहीं, हें लक्षांत येतें.

सतराव्या शतकाच्या आरंभीं रशियन लोक या मुलखांत उतरले तेव्हां येथील रहिवासी डोंगरांतील खनिजापासून लोखंड गाळीत असत. त्या लोखंडाचीं शस्त्रें आणि भांडीं करून शेजारच्या बलिष्ठ किरगीझ व झुंगार सरदारांस ते खंडणी देत. रशियन भाषेंत लोहाराला ‘कुझ्नेत्स’ म्हणतात. त्यावरून या लोकांस ‘कुझ्नेत्स्क तातार’ हें नांव पडलें आणि १६१८ सालीं बांधलेल्या गढीलाही कुझ्नेत्स्क हेंच नांव मिळालें. नव्या धन्यांना मात्र लोखंड नको होतें. त्यांना सेबलाचीं मौल्यवान कातडीं हवीं होतीं. ‘यासाक’ नांवाचा कर कातड्यांच्या रूपानें द्यावा लागे. त्यामुळें माणसें भट्टी सोडून रानांत गेलीं. पुढें रशियन बाजारांतून तयार लोखंडी सामान येऊं लागलें आणि पिढीजात धंदा बुडाला. शिकार, मासेमारी, मध आणि देवदारासारख्या एका वृक्षाच्या बिया यांवर निर्वाह होऊं लागला. डोंगरउतारावर कुदळीनें खणून थोडे सातू पेरीत. ते भाजून केलेल्या पिठाला ‘तालकान’ म्हणतात. आपल्या सातूच्या पिठाचाच हा दूरचा भाऊबंद होय.

या सर्व लोकांचें एक सामान्य नांव तेव्हां नव्हतें. प्रत्येक जण आपल्या कुळाचें नांव सांगे. कुळाला त्यांच्या भाषेंत ‘सेओक’ म्हणतात व त्याचा मूळ अर्थ हाड असा आहे. शोर हें अशाच एका कुळाचें नांव. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत रादलोव या विख्यात भाषापंडितानें या भागांत प्रवास करून लोकवाङ्मय गोळा केलें. त्याच्या लिखाणांतून तें नांव सगळ्यांना लागूं लागलें. सोव्हिएट राजवटींत या मुलखाचा स्वतंत्र राष्ट्रीय जिल्हा झाला आणि नांवावर सरकारी शिक्का बसला. १९२६ च्या खानेसुमारींत शोर म्हणून सुमारें १२,६०० माणसें नोंदलीं गेलीं. म्हणजे समाज जुना, पण त्याची मोजदाद नवी होती.

नंतरच्या तेरा वर्षांत जें घडलें तें तीनशें वर्षांत घडलें नव्हतें. कुझ्नेत्स्क येथें पोलादाचा प्रचंड कारखाना उभा राहिला आणि १९३२ सालीं त्यांतून पहिलें लोखंड बाहेर पडलें. त्याला लागणारें खनिज तेमिर-ताऊ, ताश्तागोल, शेरेगेश येथील डोंगरांत होतें. म्हणजे नेमकें शोरांच्या घरांत. खाणी उघडल्या, रेल्वे आली, ती बांधण्यासाठीं कैद्यांच्या छावण्या आल्या. कुझ्नेत्स्कची वस्ती १९२६ सालीं चार हजारांच्या आसपास होती. ती १९३९ सालीं दीड लाखांवर गेली. आपल्याच जिल्ह्यांत शोर अल्पसंख्य झाले आणि १९३९ सालीं तो जिल्हाही मोडण्यांत आला. ज्यांची ओळख लोहार म्हणून झाली होती, त्यांचा मुलूख अखेर लोखंडानेंच घेतला.

गंमत अशी कीं, या काळांतले आंकडे पाहिले तर कांहीं बिघडल्याचें दिसत नाहीं. १९३९ सालीं शोर सोळा हजारांवर होते. १९५९ सालीं सुमारें पंधरा हजार. १९८९ सालीं पुन्हां साडेसोळा हजारांच्या वर. अर्धशतकांत आंकडा जवळजवळ जागच्या जागीं! परंतु त्याच अवधींत भोंवतालचा केमेरोव्हो प्रांत तीस लाखांवर गेला होता. जंगलांतील खेडीं ओस पडून बहुतेक शोर खाणींच्या व कारखान्यांच्या शहरांत राहूं लागले होते. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास शोर भाषेंतील शिक्षण व प्रकाशन बंद पडलें होतें. दिरेन्कोवा या विदुषीनें संपादिलेला शोर लोककथांचा संग्रह १९४० सालीं आणि तिनें लिहिलेलें त्या भाषेचें व्याकरण १९४१ सालीं प्रसिद्ध झालें. त्याच वर्षीं वेढलेल्या लेनिनग्राडमध्यें ती मरण पावली. व्याकरण छापलें गेलें, पण ज्या मुलांनीं तें शिकावें त्यांच्या शाळेंतून भाषाच उठली. पुढें जवळजवळ अर्धे शतक शोर मुलें केवळ रशियनमध्यें शिकलीं.

१९८९ नंतर मात्र आंकडाही बोलूं लागला. २००२ सालीं १३,९७५, २०१० सालीं १२,८८८ आणि २०२१ सालीं साडेदहा हजार. या उतरणीचीं कारणें अनेक आहेत. सोव्हिएट व्यवस्था कोसळल्यावर खाणी बंद पडल्या, रोजगार गेला, व्यसन व अकालमृत्यू वाढले आणि जन्म घटले. तथापि सारा तोटा मृत्यूच्या खात्यावर टाकतां येणार नाहीं. खानेसुमारींत माणूस स्वतः सांगेल तीच त्याची जात लिहिली जाते. मिश्र विवाहांतून जन्मलेला, शहरांत वाढलेला, आजीची भाषा न कळणारा तरुण स्वतःस रशियन म्हणवितो आणि अंगास ओरखडाही न उमटतां गणतींतून एक शोर वजा होतो. भाषा येते असें सांगणारे २००२ सालीं सहा हजारांवर होते. २०१० सालीं ते २,८३९ उरले. आठ वर्षांत माणसें दहांतून एकानेंही घटलीं नाहींत. बोलणारे मात्र निम्म्याहून कमी झाले.

जमिनीचा प्रश्नही सुटलेला नाहीं. म्रास्सूच्या खोऱ्यांतील काझास या खेड्याभोंवतीं कोळशाच्या उघड्या खाणी पसरल्या. घरें विकण्यास कांहीं कुटुंबें तयार नव्हतीं. २०१३-१४ च्या सुमारास त्यांचीं घरें एकामागून एक जळालीं. हें गाऱ्हाणें संयुक्त राष्ट्रसंघाच्या वंशभेदविरोधी समितीपर्यंत गेलें. पण गांव उरलें नाहीं.

उलट बाजूसही कांहीं नोंदी आहेत. १९८९ सालीं शोरियाच्या अरण्याचा एक भाग राष्ट्रीय उद्यान म्हणून राखण्यांत आला आणि त्याच सुमारास नोव्होकुझ्नेत्स्कच्या अध्यापन महाविद्यालयांत शोर भाषेचा विभाग निघाला. पन्नास हजारांहून कमी संख्येच्या मूळ रहिवासी जमातींच्या सरकारी यादींत शोरांचा समावेश आहे व तिच्याबरोबर शिकार-मासेमारीचे कांहीं हक्क येतात.

हक्कासाठीं गणती हवी, हें खरें. परंतु १९३९ ते १९८९ या पन्नास वर्षांत शोरांचा आंकडा शाबूत असतांना त्यांचें रान, खेडें आणि शाळेंतली भाषा हीं तिन्ही हातचीं गेलीं, आणि आंकडा ढळला तो त्यानंतर. समाजाच्या क्षयाची वार्ता खानेसुमारीला सर्वांच्या शेवटीं कळते. म्हणून साडेदहा हजारांचे पुढें किती होतील, यापेक्षां त्यांच्यांतील किती घरांत आजी नातवाशीं शोर भाषेंत बोलते, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.