अस्थी गेल्या, वाट राहिली

स्पेनच्या वायव्य कोपऱ्यात सांतियागो नावाचे गाव आहे. ख्रिस्ताचा शिष्य याकोब याच्या अस्थी तेथील देवळात आहेत, अशी नवव्या शतकापासूनची श्रद्धा. त्या अस्थींच्या ओढीने युरोपभरची माणसे पायी निघू लागली. बाराव्या शतकात तर या यात्रेकरूंसाठी लॅटिनमध्ये वाट दाखविणारी पोथीही तयार झाली. पुढे यात्रा ओसरली. १९८४ च्या सुमारास एलिआस वालिन्या नावाच्या एका पाद्र्याने वळणावळणावर पिवळे बाण रंगविले आणि वाट पुन्हा वाहू लागली. आता १०० किलोमीटर पायी किंवा २०० किलोमीटर सायकलने गेल्याचा दाखला मिळतो. वाटाड्यासह सहली निघतात, सामान पुढच्या मुक्कामी परस्पर पोचते. पंढरीच्या वारकऱ्याने यास हसू नये. त्याच्या दिंडीमागेही सामानाचा ट्रक असतोच.

हे वळ गावात बसून लिहावयाचे कारण असे की, अशीच एक वाट आमच्या उशाशी होती. आमच्या गावाहून कशेळीचा पूल ओलांडला की ठाणे. १३२१ साली चीनकडे निघालेले चार फ्रान्सिस्कन साधू वाऱ्याने भरकटून या ठाण्यास लागले : तोलेंतिनोचा तोमास, पादोव्याचा याकोब, सिएनाचा पिएत्रो आणि दुभाष्या देमेत्रियस. ते एका नेस्तोरी ख्रिस्ती कुटुंबात उतरले. घरधन्याने बायकोस मारले, ती काझीकडे गेली, आणि साक्षीदार म्हणून या पाहुण्यांची नावे निघाली. नवराबायकोच्या भांडणातून धर्मचर्चा आणि चर्चेतून प्राणदंड! एप्रिल महिन्यात चौघेही मारले गेले. त्यांचा सोबती जॉर्डन हा दोमिनिकन साधू तेव्हा बाहेरगावी होता. त्याने देह सोपाऱ्यास नेऊन पुरविले.

थोड्याच काळाने ओदोरिक नावाचा दुसरा फ्रान्सिस्कन साधू ठाण्यास आला. येथील घुशी कुत्र्याएवढ्या असल्याचे त्याने सांगून ठेवले आहे. आमच्याकडच्या गोदामांत रात्रपाळी करणाऱ्यांस ती अतिशयोक्ती वाटणार नाही. त्याने त्या अस्थी उकरल्या, वस्त्रात गुंडाळल्या आणि जहाजावर घेतल्या. वाटेत वारा पडला, तेव्हा एक अस्थी गुपचूप समुद्रात सोडली आणि वारा सुटला, असे तो सांगतो. उरलेल्या त्याने चीनमधील झैतून बंदरात, म्हणजे आजच्या च्वानचौ येथे, आपल्या मठात ठेवल्या.

माझ्या मते येथेच आपली वाट मोडली. ओदोरिकची भक्ती खोटी नव्हती. पण त्याने यात्रेकरूचे पाऊल उचलून यात्राच सोबत नेली. उलट गोव्यात पाहा. फ्रान्सिस झेवियर १५५२ साली चीनच्या किनाऱ्याजवळ एका बेटावर वारला, १५५४ साली त्याचा देह गोव्यास आला, आणि ३ डिसेंबरच्या फेस्तासाठी सिंधुदुर्ग व बेळगावकडची माणसे आजही पायी जुन्या गोव्यास जातात. आपल्या अस्थी चीनला गेल्या, चीनकडचा देह गोव्यास आला!

गेल्या हिवाळ्यात वर्गातली नऊ मुले घेऊन मी सायकलने सोपाऱ्यास गेलो. अंजूर फाट्यावर वसईच्या मोहिमेतल्या गंगाजी नाईकांची गोष्ट सांगितली, ती मुलांना फार आवडली. कामण, चिंचोटी करीत सोपारा गाठला. तेथे बुरुड राजाचा कोट आहे, म्हणजे बौद्ध स्तूप; १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी तो खणला. साधूंची खूण मात्र काहीच नाही. स्तूपाच्या सावलीत डबे सोडले आणि मी ती हकीकत सांगितली.

नवांपैकी चार मुले मुसलमान. भिवंडीत ही गोष्ट अर्धी सांगून चालत नाही, हे आमच्या पिढीस कोणी शिकवावे लागत नाही. "सर, मारलं कुणी?" एकाने मान खाली घालून विचारले. मी म्हणालो, ठाण्याच्या मलिकाने. आणि ओदोरिकचाच पुढचा मजकूर सांगितला : दिल्लीच्या सुलतानास हे कळताच त्याने त्या मलिकास बेड्या घालून आणविले व निरपराध माणसे मारल्याबद्दल देहान्त दिला. मुलगा वर पाहू लागला.

"आणि त्या बाईचं काय झालं?" दुसऱ्याने विचारले. नवऱ्याचा मार खाऊन काझीकडे गेलेल्या त्या बाईचे पुढे काय झाले, हे ओदोरिकने सांगितलेले नाही. डबे आवरून आम्ही ऊन उतरायच्या आत परत निघालो.