तखींची वंशावळ

हुस्ताईला तखी बघायला जायचं तर संध्याकाळ गाठावी. उन्हाळ्यात हे घोडे माशांना वैतागून दिवसभर डोंगरमाथ्यावरच्या वाऱ्यात उभे राहतात आणि खालून नुसते ठिपके दिसतात. ऊन कललं की एकेक कळप पाण्यावर उतरतो. मंगोलियाची राजधानी उलानबातर, तिच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर हे राष्ट्रीय उद्यान आहे. विस्तार पन्नास हजार हेक्टरांच्या आसपास. गवताळ टेकड्या, मधूनमधून खडक, उंचावर थोडी बर्चची झाडं, दक्षिणेला तूल नदी.

माझं बालपण भीमाकाठी गेलं. धनगरांचे वाडे गावावरून जायचे, तेव्हा मेंढरांमागून पाठीवर बिऱ्हाड घेतलेली बुटकी, चिवट घोडी चालायची. तखीही तसाच बुटका, जाड मानेचा, भरल्या अंगाचा. साम्य मात्र तेवढंच. याची आयाळ ताठ उभी असते, कपाळावर झुलपं नसतात, आणि ती आयाळ दरवर्षी गळून नवी येते. अंग वाळूच्या रंगाचं, मुस्कट पांढरट, कण्यावरून एक गडद रेघ. ओहोळावर एक घोडी माझ्यापासून बरीच जवळ आली तेव्हा तिच्या काळपट पायांवरचे पुसट आडवे पट्टेही दिसले. तिचं शिंगरू पाणी न पिता तिच्या कुशीला लागून उभं होतं आणि नर दोघांच्या मागे, मान वर करून, आमच्याकडेच बघत होता.

आमच्याबरोबरच्या वनरक्षकाकडे दुर्बीण होती आणि एक वही. कुठला कळप, कुठे, किती वाजता, नवं शिंगरू आहे का, सगळं तो टिपून घेत होता. ती वही बघूनच या घोड्यांचा इतिहास मला नीट उमगला. हे रानटी जनावर आज जिवंत आहे ते अशा नोंदींच्या जोरावर.

मंगोल लोक तखीला पिढ्यानपिढ्या ओळखत होते. युरोपच्या शास्त्राला तो कळला तो रशियन प्रवासी प्रझेवाल्स्कीमुळे. १८७८ मध्ये त्याला एक कातडं आणि कवटी मिळाली. १८८१ मध्ये पोल्याकोव्हने त्यावरून नव्या जातीचं वर्णन छापलं. नाव झालं आणि मागणी सुरू झाली. मोठी जनावरं हाती लागत नसत, म्हणून पकडणारे शिंगरांवरच टपले. कळप दमेपर्यंत पिटाळायचा, आड येणाऱ्या मोठ्या घोड्यांना गोळी घालायची आणि मागे पडलेली पिल्लं धरायची. युक्रेनच्या गवताळ मुलखातल्या अस्कानिया-नोवाचा जमीनदार फाल्झ-फाइन यानं आधी अशी शिंगरं मागवली. पहिल्या खेपेची मेंढीच्या दुधावर जगली नाहीत. पुढे पाळीव घोड्या दूध पाजायला ठेवल्या, तेव्हा ती तगली. १९०१ मध्ये हागेनबेक या जर्मन व्यापाऱ्याकडे २८ शिंगरं हॅम्बुर्गला पोचली. वाटेत किती गेली, हे वाचताना मला फार त्रास होतो. पण आजचा प्रत्येक तखी त्याच काळात धरलेल्या मोजक्या जनावरांपासून आलेला आहे, हेही तितकंच खरं.

दुसऱ्या महायुद्धात अस्कानिया-नोवाचा कळप संपला. १९४५ मध्ये पिंजऱ्यांतले मिळून ३१ घोडे उरले, आणि त्यांतलेही थोडेच पुढे व्याले. प्रजनन टिकलं ते म्युनिक आणि प्राग या दोन प्राणिसंग्रहालयांत. अशा वेळी एका घोडीची मोठी मदत झाली. ओर्लित्सा तिसरी हिला १९४७ मध्ये मंगोलियाच्या रानात शिंगरू असताना पकडलं होतं; १९५७ मध्ये ती अस्कानिया-नोवाला आली आणि तिथं व्याली. रानातून वंशात मिळालेलं ते शेवटचं ताजं रक्त. १९६९ मध्ये गोबीत एक तखी दिसला, त्यानंतर रानात कुणालाच दिसला नाही.

दरम्यान १९५९ मध्ये एर्ना मोर या जर्मन विदुषीनं तखींची वंशावळ छापली आणि पुढे ते काम प्रागनं चालवलं. प्रत्येक जनावराला क्रमांक, आई कोण, बाप कोण, जन्म कुठला. बारा-तेरा पूर्वजांवर उभा असलेला वंश, त्यात एक पाळीव मंगोल घोडीही होती. जवळच्या नात्यात जोड्या लागत राहिल्या तर पुढची पिढी कमजोर होणार, हे उघडच होतं. १९७७ मध्ये नेदरलँड्समधल्या यान आणि इंगे बाउमान या दांपत्यानं सहकाऱ्यांसह संस्था काढली. नोंदी ताडून घोड्यांची अदलाबदल घडवली आणि त्यांना मोठ्या कुरणांत स्वतःचं स्वतः जगायची सवय लावली. जून १९९२ मध्ये पहिले १६ घोडे हुस्ताईत उतरले. इथला हिवाळा अंगवळणी पडेपर्यंत त्यांना कुंपणात ठेवलं आणि १९९४ पासून मोकळं सोडलं. २००० पर्यंत पाच खेपांत ८४ घोडे आले. आज उद्यानात तीनशेहून जास्त आहेत. लांडगे दरवर्षी शिंगरं नेतात, आणि ते तसंच असायला हवं, असं मला वाटतं. खरी धास्ती आहे ती शेजारच्या पशुपालकांच्या घोड्यांशी संकर होण्याची. म्हणून गस्त घालावी लागते.

२०१८ मध्ये जनुकांच्या अभ्यासातून एक दावा पुढे आला: तखी हे कझाकस्तानातल्या बोताईच्या लोकांनी साडेपाच हजार वर्षांपूर्वी पाळलेल्या घोड्यांचे, पुन्हा रानात गेलेले वंशज आहेत. त्यावर वाद चालू आहे. मला मात्र हुस्ताईच्या उतारावरचा तो नर रानटीच वाटला.

एकाच जागेवर भिस्त ठेवता येत नाही, हे २००९-१० च्या हिवाळ्यानं दाखवून दिलं. नैर्ऋत्येला गोबीच्या संरक्षित भागात १९९२ पासूनच दुसरा कळप वाढत होता. त्या हिवाळ्यात बर्फाखाली गवत गाडलं गेलं आणि १३७ घोड्यांपैकी फक्त ४८ उरले. नंतर प्रागहून विमानानं नवे घोडे तिथं नेले. २०२४ च्या जूनमध्ये सात घोडे कझाकस्तानच्या गवताळ प्रदेशात पोचवले, तेही प्राग आणि बर्लिनच्या कळपांतून, वंशावळ तपासून निवडलेले.