वसईची घंटा, नाशिकचं देऊळ

आज एका घंटेची गोष्ट सांगते.

आपल्या सेवाग्राम स्टेशनवरून मुंबईच्या गाडीत बसलं की वाटेत नाशिकरोड लागतं. तिथून पंचवटीत गेलं की गोदावरीकाठी नारोशंकराचं देऊळ आहे. त्याच्या दर्शनी तटावर मोठी घंटा टांगलेली आहे. मोठ्या आवाजाच्या माणसाला ‘नारोशंकराची घंटा’ म्हणतात, ती हीच. पुराचं पाणी घंटेपर्यंत पोचलं की ती वाजते, असं जुने लोक सांगत. पण जवळ जाऊन बघा, तिच्यावर पोर्तुगीज अक्षरं आहेत आणि साल आहे 1721. देवळाच्या घंटेवर पोर्तुगीज अक्षरं कशी?

त्यासाठी वसईला जावं लागतं. 1534 पासून वसई पोर्तुगिजांकडे होती. किल्ल्यात त्यांनी मोठमोठी चर्चं बांधली. सेंट जोसेफ चर्चचा मनोरा आजही उभा आहे. पण त्यांच्या राज्यात धर्मावरून जाच होता, देवळं पाडली गेली. लोकांच्या तक्रारी पेशव्यांपर्यंत गेल्या. 1737 मध्ये बाजीरावांचे धाकटे भाऊ चिमाजीअप्पा मोहिमेवर निघाले.

वसईच्या किल्ल्याला तीन बाजूंनी पाणी. मराठ्यांनी जमिनीच्या बाजूने तटाखाली सुरुंग पेरले. काही सुरुंग उलटले, आपलीच माणसं गेली. दोन्हीकडे शेकडो घरांतले कर्ते गडी मेले. अखेर मे 1739 मध्ये तट फुटला आणि पोर्तुगिजांनी तहाचं बोलणं लावलं.

बायांनो, लढाईपेक्षा हा तह लक्षात ठेवण्यासारखा आहे. हरलेल्यांना बायकामुलांसह, सामानसुमान घेऊन सुखरूप जाऊ दिलं. मागे राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांना आपला धर्म पाळायची मोकळीक दिली. म्हणून आजही वसईत ख्रिस्ती गावं आहेत, आणि तिथल्या घरांत मराठीच्या बोली बोलल्या जातात. तिथलेच फादर फ्रान्सिस दिब्रिटो 2020 साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले.

चर्चच्या घंटा मात्र विजयाची खूण म्हणून सरदारांनी नेल्या. एक नाशिकला आली, एक वाईजवळ मेणवलीच्या घाटावर आहे. लूट ती लूटच, तिला दुसरं नाव देऊ नये. ज्या गावाची घंटा गेली, तिथल्या बाईला सांजेला सुनं वाटलंच असेल. पण घंटा कुणी वितळवली नाही, तिच्यावरची अक्षरं घासली नाहीत. म्हणून तर आज तिची जन्मकथा आपल्याला वाचता येते.

आपल्या आश्रमात सकाळ-संध्याकाळ सर्वधर्म प्रार्थना होते. तिथे बसाल तेव्हा ही घंटा आठवा. आणि आपल्या गावच्या देवळातली, दर्ग्यातली, विहारातली एखादी जुनी वस्तू कुठून आली, ते घरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. पुढच्या बैठकीत एकमेकींना सांगा.

येते मी. नमस्कार.