हिराकस आणि आमचे मडके

मोडके खिळे, झिजलेले नाल, पत्र्याची कात्रणे गंधकाम्लात टाकली की फसफसून हायड्रोजन वायू निघतो आणि लोखंड विरघळते. द्रावण गाळून, आटवून थंड केले म्हणजे हिरवे खडे जमतात. हाच बाजारातला हिराकस. द्रावणात थोडे लोखंड शिल्लक ठेवावे लागते, नाहीतर हवा लागून ते तांबूस होते आणि माल बिघडतो. इंग्लंडात डेप्टफर्डला सतराव्या शतकात हा धंदा चाले. गंधकयुक्त दगडांतून झिरपलेले आंबट पाणी उकळताना त्यात जुने लोखंड टाकत. १६७८ च्या सुमारास ही सारी कृती रॉयल सोसायटीने छापली.

आमच्याकडे गंधकाम्ल नव्हते, मडके होते. गुळाच्या पाण्यात लोखंडाचे तुकडे घालून ते आंबू द्यायचे. त्यातून झालेले आम्ल लोखंड खाते. ते पाणी बाभळीच्या सालीत कमावलेल्या चामड्यावर किंवा हिरड्याच्या पाण्यातून काढलेल्या कापडावर फिरवले की काळा रंग उमटतो. साल नसेल तर रंग धरत नाही. लोखंड जास्त झाले तर कापड कुजते. चर्मकाराला, रंगाऱ्याला हे ठाऊक होते. ते कोणी पोथीतून शिकवले नव्हते. बिघडलेला प्रत्येक नग त्यांचा गुरू होता.

आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी १९०२ साली 'हिंदू रसायनशास्त्राचा इतिहास' या ग्रंथाच्या पहिल्या खंडात जातिव्यवस्थेवर बोट ठेवले. बुद्धिजीवी वर्ग हातकामापासून तुटला, कला खालच्या जातींकडे गेल्या आणि 'का' विचारणे थांबले, असे त्यांचे म्हणणे. मनूलाही त्यांनी सोडले नाही. त्या काळी एका सवर्ण शास्त्रज्ञाने हे लिहावे ही लहान गोष्ट नव्हे, आणि त्याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत.

पण अर्ध्या वाटेवर आमचे त्यांच्याशी जमत नाही. 'का' विचारणारे डोके फक्त वरच्या जातींनाच होते काय? कमावल्याशिवाय चामडे काळे होत नाही हे ज्याने शोधले, त्याने 'का' विचारलेच होते. त्याचे उत्तर लिहिण्याची अक्षरे तेवढी त्याला बंद होती. डेप्टफर्डच्या कढईला रॉयल सोसायटी लाभली. आमच्या मडक्याला विटाळ लाभला. राय यांना पोथ्या मिळाल्या म्हणून त्यांनी पोथ्यांचा इतिहास लिहिला. मडक्याचा इतिहास पोथीत सापडणार कसा?

ज्यांच्या घरी हे काम केलेले म्हातारे माणूस अजून आहे, त्या विद्यार्थ्यांनी त्यांच्याजवळ बसावे. गूळ किती, लोखंड किती, मडके किती दिवस झाकायचे, वास कसा आला की रंग तयार, हे त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्यावे.