दोन हजार डॉलर आणि एकशे एकोणतीस ढालकिडे

कॅलिफोर्नियातील संत्र्यांचा इतिहास मिशनच्या कुंपणाआड सुरू होतो. फ्रान्सिस्कन मिशनऱ्यांनी १८०४ च्या सुमारास सान गाब्रिएल मिशनच्या आवारात संत्र्यांची पहिली मोठी बाग उभी केली. ती लावण्याचे आणि जोपासण्याचे कष्ट तेथील मूळ रहिवाशांच्या वाट्याला आले होते व त्या कष्टांची कहाणी सुखद नाही. पण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. त्या मिशनमधूनच रोपे आणून विल्यम वुल्फस्किल या केंटकीहून आलेल्या गृहस्थाने १८४१ मध्ये लॉस एंजेलिस येथे व्यापारासाठी संत्र्यांची बाग लावली. पुढे रेल्वे आली, आणि १८७७ मध्ये याच बागेतील संत्री डब्यात भरून दूरच्या सेंट लुइस शहरी रवाना झाली. घरच्या परसातले फळ अशा रीतीने बाजाराचे झाले.

बाजाराबरोबर कीडही आली. १८६८ च्या सुमारास ऑस्ट्रेलियाहून आणलेल्या बाभळीच्या जातीच्या रोपांवरून एक खवले कीड कॅलिफोर्नियात उतरली असे मानले जाते. या किडीची मादी आपल्या अंगामागे कापसासारखी पांढरी, खाचा पडलेली पिशवी बाळगते व तीत शेकडो अंडी घालते. शास्त्रज्ञांनी तिला ‘आयसेरिया पर्चेसी’ असे नाव दिले. दहा-पंधरा वर्षांत दक्षिणेकडील बागांवर तिचे पांढरे थर चढले. फांद्या वाळू लागल्या, फळे गळू लागली. साबणाचे पाणी, रॉकेल, निरनिराळे काढे, सारे काही फवारून झाले. वुल्फस्किल यांच्याच बागेत १८८६ मध्ये डी. डब्ल्यू. कॉकिलेट या कीटकतज्ज्ञाने झाडावर तंबू टाकून आत हायड्रोसायनिक वायू सोडण्याचा प्रयोग केला. त्याने कीड मरत असे. परंतु एकेका झाडामागे तंबू, माणसे आणि विषारी वायू हा खर्च लहान बागायतदाराच्या आवाक्यात नव्हता. शिवाय आपली बाग स्वच्छ केली तरी शेजाऱ्याच्या बागेतून कीड पुन्हा येतच असे. अनेकांनी बागा तोडून जाळल्या.

वॉशिंग्टनच्या कृषिखात्यातील कीटकविभागाचे प्रमुख चार्ल्स व्हॅलेंटाइन रायली यांचा तर्क साधा होता. ही कीड ऑस्ट्रेलियात आहे, पण तेथे ती बागा उद्ध्वस्त करीत नाही. तेव्हा तिला खाणारे कोणीतरी तेथे असले पाहिजे. ॲडलेड येथील फ्रेझर क्रॉफर्ड यांनी अशी एक बारीक माशी त्यांना कळविलीही होती. एप्रिल १८८७ मध्ये रिव्हरसाइड येथे बागायतदारांच्या परिषदेत रायली यांनी सांगितले की, एक-दोन हजार डॉलर खर्चून एक जाणकार माणूस ऑस्ट्रेलियाला धाडावा. माणूस होता, तर्क होता. मात्र पैसा देण्यास अडचण होती. रायली यांच्या परदेशवाऱ्यांवर काँग्रेसचा रोष होता, आणि कीटकविभागाच्या अनुदानातून परदेशप्रवासास एक डॉलरही खर्चू नये असे कलम अंदाजपत्रकात घातलेले होते.

वाट निघाली ती आडमार्गाने. १८८८ साली मेलबर्नला मोठे प्रदर्शन भरणार होते आणि त्यात भाग घेण्यासाठी अमेरिकेच्या परराष्ट्रखात्याला पैसा मंजूर झालेला होता. प्रदर्शनाचे आयुक्त सॅन फ्रान्सिस्कोचे फ्रँक मॅककॉपिन होते. त्यांच्या निधीतून दोन हजार डॉलर बाजूला काढण्यात आले, आणि जन्माने जर्मन असलेले अल्बर्ट केबले हे कागदोपत्री प्रदर्शनाच्या कामासाठी २५ ऑगस्ट १८८८ रोजी बोटीत चढले. कायद्याची ही पळवाट होती हे उघडच आहे. तरीही, सरकारी पैशाचा इतका काटकसरीचा आणि इतका फलदायी खर्च इतिहासात क्वचितच आढळेल, असे आमचे मत आहे.

केबले गेले होते क्रॉफर्ड यांच्या माशीच्या शोधात. परंतु ऑक्टोबरमध्ये ॲडलेडच्या एका बागेत खवले कीड फस्त करणारा एक लहानसा तांबडा-काळा ढालकिडा त्यांच्या नजरेस पडला. ‘व्हेडालिया’ या नावाने तो पुढे प्रसिद्ध झाला. आजचे शास्त्रीय नाव ‘रोडोलिया कार्डिनॅलिस’. किडीने भरलेल्या डहाळ्यांसह हे ढालकिडे त्यांनी खोक्यांत भरले आणि बोटीवरील बर्फाच्या कोठडीत ठेवून पाठविले. ३० नोव्हेंबरला २८, डिसेंबरच्या अखेरीस ४४ आणि जानेवारी १८८९ मध्ये ५७ ढालकिडे जिवंत पोहोचले. सारे मिळून १२९. कॉकिलेट यांनी ते वुल्फस्किल यांच्या बागेत एका संत्र्याच्या झाडावर, कापडी तंबूच्या आत सोडले. तीन वर्षांपूर्वी तेथेच तंबूत विषारी वायू सोडला होता. आता तंबूत किडीचा शत्रू पोसला जात होता.

एप्रिलपर्यंत त्या झाडावर खवले कीड जवळजवळ उरली नाही. तंबूची एक बाजू उघडली गेली आणि ढालकिडे शेजारच्या झाडांवर पसरले. बागायतदार डबे, बरण्या घेऊन येऊ लागले. १२ जूनपर्यंत २०८ बागायतदारांना १०,५५५ ढालकिडे वाटले गेले, तेही विनामूल्य. वर्ष संपण्यापूर्वी दक्षिण कॅलिफोर्नियातील ही आपत्ती ओसरली. लॉस एंजेलिस परगण्यातून बाहेर जाणारी संत्री एका वर्षात ७०० डब्यांवरून २,००० डब्यांवर गेली असा हिशेब नोंदलेला आहे. केबले यांना कृतज्ञता म्हणून सोन्याचे घड्याळ आणि त्यांच्या पत्नीला हिऱ्यांची कर्णभूषणे मिळाली. रायली यांना मात्र आपल्या वाट्याचे श्रेय मिळाले नाही असे वाटत राहिले, व ते सर्वस्वी गैर नव्हते.

या यशाने एक भ्रमही निर्माण केला. प्रत्येक किडीला असाच एखादा तारणहार मिळेल, अशा आशेने राज्याने १८९१ मध्ये ५,००० डॉलर देऊन केबले यांना पुन्हा धाडले. त्यांनी हजारो कीटक आणले. त्यांतले थोडेच रुजले. पण रुजलेल्यांपैकी एक ‘क्रिप्टोलेमस’ हा पिठ्या ढेकणाचा वैरी होता. तो हिवाळ्यात तग धरीत नसे. म्हणून तो पोसून दरवर्षी सोडावा लागे. त्यासाठी कीटकशाळा निघाल्या, काही सरकारी, काही बागायतदारांच्या. १९२२ मध्ये फिलमोर येथे बागायतदारांनी स्वतःच एक संरक्षण-संघ स्थापून एकत्रित खर्चाने हे काम चालविले. सरकारने वाट दाखविली आणि शेतकऱ्यांनी ती आपली केली, हा भाग आम्हांस ढालकिड्याच्या गोष्टीहूनही महत्त्वाचा वाटतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी आले आणि हा धडा विस्मरणात गेला. सान होआकिन खोऱ्यात त्या फवारणीने व्हेडालिया मेला आणि दबलेली खवले कीड १९४६-४७ च्या सुमारास पुन्हा उसळली. बागायतदारांना ढालकिडे पुन्हा मिळवून सोडावे लागले.

साहाय्याची पद्धत पुढे अधिक रेखीव झाली. १९९५ मध्ये अमेरिकी कृषिखात्याने वॉशिंग्टन, ओरेगॉन व कॅलिफोर्निया येथील विद्यापीठांसह सफरचंद व नासपतीच्या बागांत एक योजना आरंभिली. तेथील वैरी म्हणजे फळ पोखरणारा ‘कॉडलिंग’ पतंग. मादीचा कामगंध बागभर दरवळत ठेवला की नराला मादी सापडत नाही आणि वीण खुंटते. परंतु हा गंध विषारी फवाऱ्याहून महाग. म्हणून पहिल्या वर्षांत त्याच्या खर्चाचा काही भाग सरकारने उचलला. पण एकट्यादुकट्या बागेला नव्हे. लगतच्या सर्व बागांनी एकत्र यावे, ही त्या योजनेची मूळ कल्पना. वॉशिंग्टन राज्यातील हॉवर्ड फ्लॅट येथे सुमारे बाराशे एकरांचे बागायतदार असे एकत्र आले. गंधित बागेशेजारी एक जरी मोकळी बाग राहिली तरी तेथे फळलेली मादी वाऱ्याबरोबर कुंपण ओलांडते, हे त्यांनी जाणले होते.

आपल्याकडे क्रिप्टोलेमस फार पूर्वीच आला आहे. १८९८ मध्ये तो दक्षिण भारतात कॉफीवरील हिरव्या खवले किडीसाठी आणला गेला. त्या किडीवर त्याचा उपयोग झाला नाही, तरी तो टिकला, आणि आज द्राक्षांवरील पिठ्या ढेकणासाठी तो प्रयोगशाळांत वाढवून बागांत सोडतात. नाशिक-सांगलीच्या द्राक्ष बागायतदारांना त्याचे नाव अपरिचित नाही. केंद्राच्या एकात्मिक फलोत्पादन विकास अभियानाने २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत एकात्मिक कीड व अन्नद्रव्य व्यवस्थापनासाठी खर्चाच्या ३० टक्के, हेक्टरी अधिकाधिक १,२०० रुपये, चार हेक्टरांपर्यंत, असे साहाय्य ठेवले. मित्रकीटक वाढविणाऱ्या प्रयोगशाळांनाही त्यात मदत होती. हे साहाय्य हेक्टर मोजून एकेका लाभार्थ्याला दिले जाते. लगतच्या पाच-पंचवीस बागायतदारांनी मिळून एकच अर्ज करावा आणि सगळ्या शिवारात एकाच आठवड्यात ढालकिडे सुटावेत, अशी तरतूद एखाद्या जिल्ह्याने करून पाहण्यास हरकत नसावी.