तूरमालेचा उतार आणि लोहाराची भट्टी

१/ ९ जुलै १९१३. पिरेनीज पर्वतातील तूरमाले खिंडीच्या उतारावर यूजेन क्रिस्तोफ या फ्रेंच सायकलपटूच्या सायकलचा पुढचा चिमटा मोडला. ‘तूर द फ्रान्स’चे जेतेपद तोवर त्याच्या आवाक्यात आले होते. पुढच्या काही तासांत जे घडले ते समजून घ्यायचे, तर आधी त्या शर्यतीचे रूप पाहावे लागते.

२/ ‘लोतो’ या वृत्तपत्राचा खप वाढावा म्हणून १९०३ मध्ये ही शर्यत सुरू झाली. १९१० मध्ये ती पिरेनीजच्या उंच खिंडींत शिरली. रस्ते मातीचे नि खडीचे; आज आपण त्यांना माउंटन बाइकचीच वाट म्हणू. तूरमालेची उंची २,११५ मीटर, त्या दिवसाचा टप्पा ३२६ किलोमीटरचा. चालता चालता गिअर बदलण्याची सोय स्पर्धकांना थेट १९३७ मध्ये मिळाली!

३/ संपादक आंरी देग्रांज यांचा आग्रह असा, की माणसाने एकट्याने लढावे. सायकल मोडली तर स्वतः दुरुस्त करावी, कोणाचाही हात लागता कामा नये. गंमत अशी, की स्पर्धक प्रत्यक्षात सायकल कारखान्यांच्या संघांतून उतरत. क्रिस्तोफ आणि त्या वर्षीचा विजेता फिलिप तीस हे दोघेही पुझोच्याच संघातले.

४/ दुसरी गोष्ट गुणपद्धतीची. १९०५ ते १९१२ या काळात निकाल वेळेवर नव्हे, तर प्रत्येक टप्प्यातील क्रमांकावर ठरे. १९१२ मध्ये क्रिस्तोफने तीन टप्पे जिंकले, तरी गुणांच्या हिशेबात तो दुसरा आला. १९१३ मध्ये वेळेची पद्धत परतली. जुन्या पद्धतीत एका वाईट दिवसाने काही गुण गेले असते. नव्या पद्धतीत गेलेला प्रत्येक तास अखेरपर्यंत मानगुटीवर बसणार होता.

५/ आणि नेमका तोच दिवस आला. आघाडीवर असलेला दफ्रे मागे पडला होता. क्रिस्तोफ खिंड ओलांडून उतरू लागला आणि चिमटा गेला. सायकल खांद्यावर टाकून, मागचे स्पर्धक एकेक करून पुढे जाताना पाहत, तो सुमारे चौदा किलोमीटर खाली सांत-मारी-द-कांपां या गावी पोहोचला.

६/ गावात लोहाराची भट्टी होती. लोहार मदतीला तयार होता. परंतु शर्यतीचे अधिकारी दारात उभे! लोहाराने तोंडी सांगायचे, हत्यार उचलायचे ते क्रिस्तोफनेच. तो मूळचा कुलपे बनवणारा कारागीर; लोखंड त्याला अपरिचित नव्हते. तरीही एका हाताने तापलेली नळी धरायची, दुसऱ्याने हातोडा चालवायचा, तर भाता कोण हलवणार? तो एका लहान मुलाने हलवला.

७/ काम आटोपून तो पुन्हा सायकलवर बसला आणि आस्पें व पेइरसूर्द या आणखी दोन खिंडी चढून ल्युशोंला पोहोचला. तीसच्या मागे जवळजवळ चार तास! वर भात्याच्या मदतीबद्दल दहा मिनिटांचा दंड. तो पुढे तीन मिनिटांवर आणला गेला. इतक्या विलंबानंतर त्या तीन मिनिटांचा हट्ट कशासाठी, हे मला आजही उमगत नाही.

८/ आता याच शर्यतीतील दुसरी नोंद पाहा. अखेरच्या आधीच्या टप्प्यात तीस पडला. सायकल दुरुस्तीत त्याने इतरांचे साहाय्य घेतले. दंड दहा मिनिटे. तरीही पॅरिसमध्ये तो ८ मिनिटे ३७ सेकंदांच्या फरकाने जिंकला. क्रिस्तोफ सातवा.

९/ एक सावधगिरी. भट्टीतील प्रसंगाचे बरेच बारकावे क्रिस्तोफने पुढे स्वतः सांगितलेल्या आठवणींतून आपल्यापर्यंत आले आहेत. सांगणारा तोच आणि सोसणाराही तोच, हे ध्यानात ठेवून ते वाचावेत. मोडलेला चिमटा, गेलेला वेळ आणि दंड यांविषयी मात्र शंका नाही.

१०/ १९१९ मध्ये शर्यतीतील पहिली पिवळी जर्सी क्रिस्तोफच्याच अंगावर चढली. पॅरिस दोन टप्प्यांवर असताना, व्हालांसियेनजवळ चिमटा पुन्हा मोडला. या वेळीही दुरुस्ती त्यानेच केली, तासाहून अधिक वेळ गेला आणि जेतेपद फर्में लांबोकडे गेले. हळहळलेल्या वाचकांनी ‘लोतो’कडे क्रिस्तोफसाठी वर्गणी पाठवली, ती रक्कम विजेत्याच्या बक्षिसाहून मोठी भरली.

११/ १९२२ मध्ये आल्प्समधील गालिबिए खिंडीत चिमटा तिसऱ्यांदा मोडला. तरीही तो १९२५ पर्यंत, वयाच्या चाळिशीपर्यंत, ही शर्यत धावत राहिला. ती त्याने एकदाही जिंकली नाही. सांत-मारी-द-कांपांमध्ये १९५१ साली त्याच्या नावाची पाटी बसवण्यात आली; तेव्हा तो ६६ वर्षांचा होता.