एमूंवरची स्वारी

ऑस्ट्रेलियाच्या सरकारने १९३२ साली पक्ष्यांविरुद्ध मशीनगन धाडल्या आणि पक्ष्यांनी त्यांना दाद दिली नाही, ही हकीकत ऐकून कोणालाही हसू येईल. परंतु त्या मशीनगन कोणी मागितल्या व का मागितल्या, हे कळले म्हणजे ते हसू ओठांवरच विरते.

पहिल्या महायुद्धातून परतलेल्या अनेक सैनिकांना सरकारने जमिनी देऊन पश्चिम ऑस्ट्रेलियात वसविले. जमीन बेताची, पाऊस तिच्याहूनही बेताचा. त्यात १९२९ ची मंदी आली. गहू अधिक पिकवा, आम्ही साहाय्य देऊ, असे सरकारने सांगितले. गहू पिकला, भाव कोसळले, साहाय्य मात्र हाती आले नाही. अशा वेळी कॅम्पियनच्या परिसरात सुमारे २०,००० एमू उतरले. विणीचा हंगाम संपला की अंतर्भागातून किनाऱ्याकडे जाण्याची या पक्ष्यांची जुनी रीतच. वाटेत त्यांना आता मोकळी शेते आणि गुरांसाठी साठविलेले पाणी मिळाले. पीक तुडविले गेले, कुंपणे मोडली आणि त्या खिंडारांतून ससेही आत शिरले.

हे शेतकरी गाऱ्हाणे घेऊन गेले ते संरक्षणमंत्री सर जॉर्ज पिअर्स यांच्याकडे. मशीनगनचा प्रताप त्यांनी खंदकांत डोळ्यांनी पाहिला होता! मंत्र्यांनी मागणी मान्य केली; मात्र काडतुसांचा खर्च आणि शिपायांची राहण्याजेवण्याची सोय शेतकऱ्यांकडे.

मेजर मेरेडिथ दोन लुईस गन व १०,००० काडतुसे घेऊन आले. २ नोव्हेंबरला मोहीम सुरू झाली. गोळीबार होताच कळप फुटून दाही दिशांना पांगत. ४ तारखेला एका बंधाऱ्यापाशी हजारभर एमू माऱ्याच्या टप्प्यात आले. परंतु डझनभर पडतात न पडतात तोच बंदूक अडकली. पुढे ती मालमोटारीवर चढविली. मोटारीला पक्षी गाठता येईनात, आणि खाचखळग्यांत नेम धरणेही अशक्य झाले. ८ तारखेला फौज परत बोलाविली गेली. शेतकऱ्यांनी पुन्हा विनवणी केली, तेव्हा १३ तारखेपासून दुसरी फेरी झाली. डिसेंबरात ती आटोपली, त्या वेळी मेजरांचा हिशेब होता ९,८६० काडतुसांत ९८६ एमू. दर पक्ष्यामागे नेमकी दहा काडतुसे! असा काटेकोर हिशेब रणांगणावर क्वचितच जुळतो.

यानंतर १९३४, १९४३ व १९४८ साली शेतकऱ्यांनी पुन्हा लष्कर मागितले. सरकारने नकार दिला. मारलेल्या एमूमागे इनाम देण्याची पद्धत मात्र लागू पडली. १९३४ मध्ये सहा महिन्यांत ५७,०३४ इनामे दिली गेली. पुढे भक्कम कुंपणांवर भर आला.

एमू हा शत्रू दिसणारा होता. त्याच्यावर नेम धरता येत होता. गव्हाचा भाव लंडनच्या बाजारात पडला की कॅम्पियनच्या शेतकऱ्याने कोणावर गोळी झाडावी? न पाळलेल्या आश्वासनावर कोणती मशीनगन रोखावी? सरकारला साहाय्य देण्यापेक्षा दोन बंदुका देणे सोपे वाटले, आणि ते स्वस्तही होते. त्या पराभवात हसण्याजोगे काही असेल तर ते सरकारचे आहे. एकदा युद्ध लढून आलेल्या त्या शेतकऱ्यांचे नव्हे.